न दुखणारा पाय

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू डॉक्टर आहेस, तेव्हा तब्येतीवर काहीतरी बोल. पण घाबरवू नकोस, आणि जेवणाच्या आधी संपव." दुसरी अट मी नक्की पाळीन. पहिली पाळायचा प्रयत्न करीन.

काल दुपारी चहाचे दोन मोठे थर्मास ठेवले होते. एक साखरेचा, एक बिनसाखरेचा. बिनसाखरेचा आधी संपला. तेव्हाच माझा विषय पक्का झाला. आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मांडला गेला. त्या दहा कोटींत आपली बॅच काही मागे नाही, हे थर्मासनेच सांगितलं.

मधुमेहाने डोळे जातात, किडनी जाते, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यासाठी तपासण्याही करतो. पण पायांचं काय? दवाखान्यात रक्ताचा रिपोर्ट हातात असतो, रक्तदाब मोजला जातो, आणि पाय मात्र टेबलाखाली चपलेत राहतात. आज मी त्या टेबलाखालच्या पायांबद्दल बोलणार आहे. मधुमेहामुळे मज्जातंतू कसे खराब होतात, ते वेळेवर कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं, एवढाच विषय आहे.

आधी शब्दांचा एक घोटाळा दूर करू. आपण मराठीत 'नस' म्हणतो तेव्हा कधी रक्तवाहिनी म्हणतो, कधी मज्जातंतू. 'नस दबली' यातली नस म्हणजे मज्जातंतू आणि 'सलाईनला नस सापडत नाही' यातली नस म्हणजे रक्तवाहिनी. मी बोलणार आहे ती पहिली, निरोप नेणारी. इंग्रजीत या आजाराला डायबेटिक न्यूरोपथी म्हणतात.

विज्ञानाच्या तासाला फळ्यावर काढलेली चेतापेशीची आकृती आठवा. एक डोकं आणि त्याला लांबलचक शेपूट. पायाच्या अंगठ्याला काटा टोचला की निरोप नेणारी जी पेशी असते, तिचं डोकं असतं कमरेत, मणक्याजवळ, आणि तिचा धागा पार अंगठ्यापर्यंत गेलेला असतो. म्हणजे जवळजवळ एक मीटर लांब! एकच पेशी, केसाहून कितीतरी बारीक आणि लांबी एक मीटर. त्या धाग्याच्या टोकाला लागणारी बरीचशी सामग्री कमरेजवळच्या डोक्यातच तयार होते आणि तिथून सरकत सरकत खाली जाते.

आता आपल्यातल्या शेतकरी मित्रांना पुढचं सांगायला नको. कालव्याला पाणी कमी पडलं की पहिलं कोणाचं शेत वाळतं? टेलच्या माणसाचं. वरच्या चारीवाल्याला पत्ताही लागत नाही. मज्जातंतूंचं तसंच आहे. रक्तात वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की दोन गोष्टी होतात. एक, मज्जातंतूच्या आत शिरलेली जादा साखर तिथली रसायनं बिघडवते. दोन, मज्जातंतूला रक्त पुरवणाऱ्या अगदी बारीक वाहिन्या खराब होतात. पुरवठा तुटू लागला की सर्वात लांबच्या धाग्याचं टोक आधी मरतं. म्हणून त्रास सुरू होतो पायाच्या बोटांत. मग तळवा, घोटा, पोटरी. मोजा जसा वर चढवावा तसा. तो गुडघ्याच्या आसपास पोहोचतो तेव्हा हाताच्या बोटांत सुरुवात होते, कारण लांबीत त्यांचा नंबर पुढचा. आणि हे दोन्ही पायांत साधारण सारखंच होतं. एकाच पायात एकदम कळ येत असेल तर दुखणं बहुधा वेगळं असतं, कमरेच्या मणक्याचं वगैरे.

या आजाराची दोन रूपं आहेत. पहिलं बोलकं. पायाला मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखं होतं, तळव्यांची आग होते. त्रास रात्री वाढतो. काहींना पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही, पंख्याखाली पाय उघडे टाकून झोपतात. हे आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत हातापायांचा दाह आहे, आणि त्याच्याच जोडीला हातापायांची बधिरताही आहे.

ती बधिरता हे दुसरं रूप, मुकं. मधुमेह असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी न्यूरोपथी होते, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना कसलीच तक्रार नसते. दुखत नाही, जळत नाही, काही नाही. विचारलं तर म्हणतात, "पाय एकदम छान आहेत." माझ्या दवाखान्यात आग होते म्हणून रडकुंडीला आलेल्या माणसाची मला काळजी वाटते, पण भीती वाटत नाही. तो रात्री उठून दोनदा पायाकडे बघतो. भीती वाटते ती 'छान आहेत'वाल्याची.

माझे एक रुग्ण, निवृत्त कारकून, सकाळी बूट घालून बाजार, बँक, एका ओळखीच्याकडे बारसं असं सगळं करून संध्याकाळी घरी आले. बायकोने बूट उचलून ठेवताना आत काहीतरी खडखडलं. नातवाची काचेची गोटी! दिवसभर ते त्या गोटीवर चालले होते. तळव्याला रुपयाएवढा फोड आला होता आणि मोजा ओला होता. त्यांना काही कळलं नव्हतं. दुसऱ्या एक बाई सांगत आल्या, "डॉक्टर, हल्ली चप्पल पायातून निसटते आणि मी तशीच चार पावलं पुढे जाते. मागून कोणीतरी हाक मारतं, मावशी, चप्पल!" त्यांना ती गंमत वाटत होती. पायातली अंगठ्याची चप्पल निसटलेली न कळणं हे बधिरतेचं आपल्याकडचं अगदी ठळक लक्षण आहे. कुणाच्या बाबतीत असं होत असेल तर हसण्यावारी नेऊ नका.

न दुखणं इतकं धोक्याचं का, हे जगाला नीट समजावून सांगणाऱ्यांत एक नाव फार मोठं आहे, डॉ. पॉल ब्रँड. तामिळनाडूतल्या डोंगराळ भागात १९१४ साली जन्मलेले हे इंग्रज सर्जन १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करत होते. त्यांचं काम कुष्ठरोग्यांमध्ये होतं. आपल्यापैकी पुष्कळजण आनंदवन पाहून आले आहेत, तेव्हा या आजाराचे परिणाम तुम्हाला ठाऊक आहेत. तेव्हा समज असा होता की या रोगात मांस सडतं आणि बोटं आपोआप झडतात. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस चांगलं असतं. रोगाने मज्जातंतू मेलेले असतात, त्यामुळे वेदना कळत नाही, आणि न कळलेल्या जखमांनी बोटं जातात. माणूस गरम भांडं हातात धरून ठेवतो. फोड आलेल्या पायावर तसाच चालतो. रात्री झोपेत उंदीर बोट कुरतडतो आणि जाग येत नाही. पुढे १९६०च्या दशकात ते अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की मधुमेहींच्या पायांच्या जखमांची कहाणी हीच आहे. सुन्न पाय, न कळलेला दाब, त्यातून जखम. वेल्लोरला शिकलेले धडे मधुमेहाच्या कामी आले. आपल्याकडे मिळणाऱ्या मऊ एमसीआर रबराच्या चपला कुष्ठरोग्यांसाठी वापरात आल्या आणि आज त्या मधुमेहींनाही दिल्या जातात.

जखम झाल्यावर काय होतं तेही सांगते. दुखत नाही म्हणून माणूस त्या पायावर चालत राहतो, जखम दाबली जाते, भरत नाही. त्यात पायाचा रक्तपुरवठा कमी असेल आणि साखर वाढलेली असेल तर जंतूंना आयतंच फावतं. मधुमेहामुळे पाय किंवा पायाचा भाग कापावा लागतो, त्या १०० शस्त्रक्रियांपैकी सुमारे ८५च्या आधी अशी एखादी जखम झालेली असते. मला यात आशा दिसते, कारण जखम डोळ्यांना दिसते. ती वेळेवर पाहिली तर यातले कितीतरी पाय वाचतात.

मज्जातंतू फक्त पायात नसतात, म्हणून थोडं इतर अवयवांबद्दल. घाम आणणारे मज्जातंतू बिघडले की पायाची कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात. पोटाचे बिघडले की चार घास खाल्ले तरी पोट गच्च होतं. उभं राहताना रक्तदाब सावरणारे बिघडले की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. लघवीच्या आणि पुरुषांच्या लैंगिक तक्रारींतही हेच कारण असू शकतं. त्या डॉक्टरांना सांगायला लाजू नका, आपलं लाजण्याचं वय केव्हाच मागे पडलं. आणि एक गोष्ट कृपया घरी गेल्यावरही लक्षात ठेवा. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. अचानक दम लागला, दरदरून घाम आला, कारण नसताना गळून गेल्यासारखं झालं, तर "ॲसिडिटी असेल" म्हणून घरी बसू नका. थेट दवाखाना गाठा, ईसीजी काढा.

माझ्या गुरुजनांसाठीही एक सांगते. पाय कुठे टेकला आहे हे मेंदूला मज्जातंतूच सांगतात. ते मुके झाले की ते काम डोळे करतात. म्हणून बेसिनपाशी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जातो, रात्री अंधारात बाथरूमला जाताना झोक जातो. सर, बाई, रात्री बोळात एक छोटा दिवा चालू असू द्या आणि बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या. खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा तो खर्च फार थोडा आहे.

आता तपासणी. यासाठी मोठं यंत्र बहुतेक वेळा लागतच नाही. नायलॉनचा एक जाड तंतू असतो. तो कातडीवर टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटायचे, आणि पायावर ठरावीक जागी तो लागला की "हो" म्हणायचं. जिथे "हो" येत नाही, तिथे संरक्षण गेलं असं समजायचं. जोडीला नादकाटा असतो, तोच, प्रयोगशाळेत बाकावर आपटून आपण वाजवायचो तसला. तो अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप कळतो का हे बघतात. घोट्यामागे छोट्या हातोडीने ठोकून बघतात, आणि पायाच्या नाड्या लागतात का तेही. पाच मिनिटांचं काम आहे. प्रौढपणी होणारा टाइप दोन मधुमेह ज्या दिवशी कळला त्याच दिवशी ही तपासणी व्हायला हवी, कारण तो कळायच्या आधी कैक वर्षं गुपचूप असू शकतो. त्यानंतर दरवर्षी एकदा. डॉक्टर विसरले तर आपणच चप्पल काढावी आणि म्हणावं, "जरा पाय बघता का?"

पायाला मुंग्या येतात म्हणजे प्रत्येक वेळी मधुमेहच, असंही नाही. थायरॉईड, दारू, कुष्ठरोग, काही औषधं, आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही असंच होतं. आपल्यापैकी जे शाकाहारी आहेत आणि अनेक वर्षं मेटफॉर्मिनची गोळी घेत आहेत, त्यांनी बी-१२ तपासून घ्यावं. ती गोळी उत्तम आहे, बंद करू नका. पण तिने बी-१२ कमी होऊ शकतं. ते कमी असेल तर लाल इंजेक्शनांचा खरा उपयोग होतो. कमी नसेल तर दंड दुखण्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

उपचारांबद्दल स्पष्ट बोलते, कारण या बाबतीत लोकांची फार लूट होते. मेलेला मज्जातंतू जिवंत करणारं औषध आज नाही. आग आणि कळा कमी करणारी औषधं आहेत, प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन यांसारखी. ती झोप परत मिळवून देतात, आणि ती काही लहान गोष्ट नाही. पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. चुंबकाच्या चपला, थरथरणारी मशिनं, सात दिवसांत नसा मोकळ्या करणारं तेल यांवर पैसे घालवू नका.

रोखणं मात्र पुष्कळ अंशी आपल्या हातात आहे. अमेरिका आणि कॅनडात टाइप एक मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली आले. साखर काटेकोर सांभाळलेल्यांत न्यूरोपथीचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी झालं. टाइप दोनमध्ये नुसती साखर सांभाळून इतका मोठा फायदा दिसत नाही. तिथे रक्तदाब, रक्तातली चरबी, वजन आणि तंबाखू या सगळ्यांकडेच बघावं लागतं. होय, मिश्रीसुद्धा तंबाखूच. आणि वर्षानुवर्षं वाढलेली साखर हट्टाने आठ दिवसांत खाली आणू नका. ती फार झपाट्याने उतरली की काहींच्या पायांची आग उलट वाढते. डॉक्टर सांगतील त्या बेताने आणा.

आणि आता घरचा अभ्यास. रोजचा आहे, सुट्टी नाही.

रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही पाय बघायचे. वरून, तळव्याकडून आणि बोटांच्या बेचक्यांत. वाकता येत नसेल तर फरशीवर आरसा ठेवा, किंवा घरच्या कुणाला बघायला सांगा. नवराबायकोने एकमेकांचे पाय बघावेत. चाळीस वर्षांच्या संसारानंतर त्यात कमीपणा कसला? फोड, चीर, लाली, सूज, मोज्यावर डाग, यांतलं काही दिसलं तर दुखत नसलं तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. पू, ताप, काळेपणा असेल तर त्याच दिवशी. एक पाय गरम होऊन सुजला आणि दुखत मात्र नाही, असं झालं तर त्या पायावर चालणं थांबवा आणि लगेच दाखवा. आतली हाडं ढासळत असण्याची शक्यता असते.

पाय धुऊन बेचक्या कोरड्या करायच्या. टाचांना खोबरेल लावा, बेचक्यांत लावू नका. नखं सरळ कापा. कुरूप ब्लेडने कापू नका आणि त्यावर औषधी पट्टीही लावू नका, ती चांगली कातडीही जाळते. गरम पाण्यात पाय बुडवून बसायची सवय सोडा. शेकायची पिशवी पायाला लावू नका. आंघोळीचं पाणी पायाने न बघता कोपराने बघा. चप्पल घालण्यापूर्वी झटका, बुटात हात घालून बघा. गोटी आठवा! नवीन पादत्राण संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घरातही अनवाणी चालू नका.

देवळाचं काय, हा प्रश्न येणारच. भर दुपारी तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घातली तर सुन्न तळव्याला चटका कळत नाही, आणि संध्याकाळी फोड दिसतात. दर्शनाला सकाळी लवकर जा, जाड मोजे घाला. वारीला जाणाऱ्यांनी जरूर जावं, पण पायात चांगलं पादत्राण घालून, आणि प्रत्येक मुक्कामावर पाय बघून. अनवाणी चालायचा नवस असेल तर तो बदलून घ्या. पांडुरंग समजूतदार आहे.

जेवणाची घंटा व्हायला आलीय, तेव्हा शेवटचं. दुपारी तीन ते पाच मी खालच्या मजल्यावर दहावी 'ब'च्या वर्गात बसणार आहे. नायलॉनचा तंतू आणि नादकाटा बरोबर आणलाय. बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या प्रत्येकाने तिथे यायचं, आणि पायात काही त्रास नाही असं वाटणाऱ्यांनी आधी यायचं. गुरुजनांनी जिना उतरायचा नाही, मी वर येईन. चपला बाहेर काढा, मोजे खिशात ठेवा, आणि डोळे मिटून खरं उत्तर द्या. शेजारच्याचं ऐकून "हो" म्हणायचं नाही, इथे कॉपी चालणार नाही.